नऊ पाऊण पावणेसात

श्रोतेहो, नमस्कार. लहानपणीची मैत्री आणि तिच्यातून उमललेलं प्रेम, असा आजचा विषय आहे. आणि विषय हा असल्यावर मी माझ्या मामा-मामींबद्दलच बोलणार. दुसरं कुणी मला सुचतच नाही.

आधी थोडं खाडीबद्दल. विजयदुर्गच्या बंदरातून वाघोटणची खाडी आत आत शिरते, पार खारेपाटणकडे. तिच्या काठी आमचं आजोळ. खाडीकाठच्या माणसाला घड्याळापेक्षा भरती-ओहोटी जवळची. भरती रोज एकाच वेळेला येत नाही, रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. म्हणून जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणत. आज चतुर्थी? चार पाऊण तीन. म्हणजे भरती तीनच्या सुमाराला. अष्टमी? आठ पाऊण सहा. थोडं मागेपुढे व्हायचं, पण होडी सोडायला तेवढा अंदाज पुरे. लक्षात ठेवा हं, तिथीला पाऊणने गुणायचं. पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

ही पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, तेव्हा शाळेत घोकून घेत. पावकी, निमकी, पाऊणकी. रुपयाचे सोळा आणे होते, पाऊण रुपया म्हणजे बारा आणे, त्यामुळे बाजारातही तिच्यावाचून अडायचं. 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि पाऊणकी हळूहळू शाळेतून गेली. ती जायला नको होती, असं मला अगदी मनापासून वाटतं. पैशांसाठी नसेल लागत, पण पाऊण तास अजून आहेच, पाऊण किलोही आहे. शिवाय पोरं सुरात पाढे म्हणत, त्या आवाजाने तिन्हीसांजेला घर कसं भरून जायचं! आता दिवेलागणीला घराघरात टीव्हीचाच आवाज. असो.

माझ्या आजोबांची खाडीवर तर होती, म्हणजे माणसं पार करणारी होडी. या काठावरून त्या काठावर माणसं न्यायची, वर्षाला घरटी भात मिळायचं. शाळा आमच्या काठावर, आणि मामींचं माहेर पलीकडे, कलमांच्या बागेतलं घर. सहा वर्षांची ती मुलगी रोज तरीतून शाळेला यायची. माझे मामा आठ वर्षांचे, आजोबांच्या हाताखाली वल्हं धरायचे. तिला पाऊणकी काही केल्या येईना. शाळेत छड्या खायची आणि तरीत बसून रडायची. एक दिवस मामांनी होडी काठालाच धरून ठेवली. म्हणाले, "तुका पाऊणकी येणा नाय? मग तरीत घेवचंय नाय." आणि मग त्यांनीच शिकवली. पाण्याकडे बोट दाखवून शिकवली. आज पंचमी, बघ, पाच पाऊण पावणेचार, तेव्हा पाणी त्या दगडाला लागेल. आणि पाणी दगडाला लागलं! मामी अजून म्हणतात, तो दगड भिजताना पाहिला आणि पाढा डोक्यात बसला. मोबदल्यात मामांना मिळायची पानाच्या द्रोणातली करवंदं.

पावसाळ्यात ही तर बंद असायची. मग काय करत ही दोघं? वारा पडला की दोन काठांवर दोघं उभी राहत. या काठावरून हाक जायची, "सात पाऊऊण!" पलीकडून उत्तर यायचं, "सव्वापाऽऽच!" पाण्यावरून आवाज कसा स्वच्छ येतो, ते खाडीकाठच्या श्रोत्यांना मी काय सांगावं?

मिसरूड फुटली आणि मामा मुंबईला गिरणीत लागले. पत्र लिहायचे ते घरी, आजीला. उघडं कार्ड. आजीला वाचता येत नव्हतं, पोस्टमन ओटीवर बसून मोठ्याने वाचायचा. त्यात मनातलं काय लिहिणार? शेवटी एक ओळ असायची, "अमुक तिथीला येतो." बस्स. माझी आई, म्हणजे मामांची धाकटी बहीण, ती तिथी पलीकडे पोचवायची. वेळ सांगावी लागत नसे. कारण मुंबईची आगबोट विजयदुर्गला लागली, तरी तिथून माणसं आणणारी होडी, म्हणजे पडाव, खाडीत आत येणार तो भरतीवरच. तिथी कळली की पाढा येणारीला वेळ कळली.

त्या वर्षी शिमग्याला येणार होते. कार्डात होतं, नवमी. फाल्गुनातली शुद्ध नवमी. नऊ पाऊण पावणेसात. मामी सकाळी धक्क्यावर गेल्या, हात हलवत परत आल्या. संध्याकाळी पुन्हा पदर खोचून निघाल्या. त्यांचे वडील, सगळे त्यांना आप्पा म्हणत, पडवीत सुपारी कातरत बसले होते. नवमीची बातमी त्यांनी सकाळीच तरीत ऐकली होती, आमच्या आईच्याच तोंडून. दुसऱ्या खेपेला मुलगी अंगणात उतरली तसे आप्पा मान वर न करता म्हणाले,
"नऊ पाऊण?"
आणि मामींच्या तोंडून निघून गेलं, "पावणेसात."

आई सांगते, तिथे ती अशी उभी राहिली, जसा पायाखालचा पाट काढला. एकीकडे कलमांची बाग, दुसरीकडे होडी ओढणारं घर. आता आप्पा काय करतात? आप्पांनी अडकित्ता खाली ठेवला. आत गेले, कंदील पेटवून आणला. म्हणाले, "चल, काळोख पडता."

धक्क्यावर बाप-लेक उभे. नवमीची भांग, म्हणजे कमी चढणारी भरती, पाणी जेमतेम. पडाव गाळ चुकवत, बांबूने ढकलत ढकलत आला. मामांनी वळकटी खांद्यावर घेतली, उतरले, आणि समोर कंदील धरून आप्पा! मामांचा पाय पाण्यातच राहिला. आप्पांनी कंदील वर केला, त्यांचं तोंड नीट न्याहाळलं, आणि म्हणाले, "नवमी म्हटलंस ना? सात वाजान गेले."

वैशाखात लग्न झालं. मुहूर्त भटजींनी काढला, वऱ्हाड मात्र भरती बघून निघालं.

आता ती तर राहिली नाही, आगबोटही कधीचीच बंद झाली. मामा ऐंशीच्या घरात आहेत. गेल्या खेपेला मी मामींना विचारलं, की भरती दिवसातून दोनदा येते, मग सकाळची की संध्याकाळची, हे तुम्हाला कसं कळायचं? त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "ता कसा कळतला? दोन्ही भरत्यांका गेलंय."

नमस्कार.