हरकत कुणी घ्यायची?

(गोव्यातल्या डिचोलीत एका वकिलाने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मघाशी दारातच एका ओळखीच्या गृहस्थांनी मला गाठलं. इथल्या खाणी बंद होईपर्यंत त्यांचे दोन ट्रक खनिजावर धावायचे. म्हणाले, "वकीलसाहेब, सुप्रीम कोर्ट कंपन्यांच्या बाजूचं असतं, असं आज सांगणार ना? मग आमच्या कंपन्या बंद कुणी केल्या?" (हशा)

प्रश्न बिनतोड आहे. त्याच्याकडे मी येणार आहे, पण लांबच्या वाटेने. आधी अमेरिकेतल्या एका खाणवाल्याची गोष्ट सांगतो. तुम्हाला ती परकी वाटायची नाही.

वेस्ट व्हर्जिनिया हे कोळशाचं राज्य. मॅसी नावाच्या मोठ्या कंपनीने कॅपर्टन या लहान खाणमालकाचा धंदा बुडवला. ज्यूरीने 2002 मध्ये त्याला 5 कोटी डॉलर भरपाई द्यायला लावली. आता अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार, आणि तिथले न्यायाधीश निवडणुकीने येतात! 2004 मध्ये मॅसीच्या प्रमुखाने, डॉन ब्लँकनशिपने, एका उमेदवाराच्या प्रचारासाठी सुमारे 30 लाख डॉलर ओतले. उमेदवार निवडून आला, त्या अपिलाला बसला, आणि 3 विरुद्ध 2 मतांनी मॅसी सुटली. त्याच न्यायालयातल्या दुसऱ्या एका न्यायाधीशाचे फ्रान्सच्या समुद्रकिनारी ब्लँकनशिपबरोबर काढलेले फोटो पुढे बाहेर आले. कादंबरीत घातलं असतं तर संपादकाने अतिरंजित म्हणून कापलं असतं.

वॉशिंग्टनमधल्या, म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2009 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं की ज्याच्या प्रचारासाठी पैसा ओतला त्या न्यायाधीशाने बाजूला व्हायला हवं होतं. लाच सिद्ध झालेली नव्हती, तशी गरजही नव्हती. एवढ्या पैशाने पक्षपाताचा गंभीर धोका निर्माण होतो, इतकं पुरेसं होतं. निकाल लिहिला न्यायमूर्ती केनेडींनी. पुढे फेरसुनावणी झाली, तो न्यायाधीश बसला नाही, आणि तरीही मॅसीच जिंकली. आधी 3-2, आता 4-1.

आता पुढचं ऐका. सात महिन्यांनी, 21 जानेवारी 2010 ला, त्याच न्यायालयाचा 'सिटिझन्स युनायटेड' या खटल्यातला निकाल आला. न्यायालय म्हणालं, निवडणुकीत कंपन्यांनी उमेदवारापासून स्वतंत्रपणे केलेल्या खर्चावर बंदी घालता येत नाही. अशा खर्चाने भ्रष्टाचार होत नाही, आणि तसा आभासही होत नाही. पुन्हा 5 विरुद्ध 4, आणि लेखणी पुन्हा केनेडींचीच. न्यायाधीशाच्या निवडणुकीत ओतलेला पैसा डोळ्यांत खुपला, आमदार-खासदाराच्या निवडणुकीतला खुपला नाही. दोन्हींत कायद्याचा फरक आहे, मी तो नाकारत नाही. पण सामान्य माणसाच्या मनात शंकेचं बी पडतं ते अशा ठिकाणी.

आपण मात्र पाकीट शोधत बसतो. कुणी कुणाला किती दिले? माझ्या मते ती सर्वांत कमी महत्त्वाची बाजू आहे. आपल्याकडच्या भाटकार-मुंडकारांच्या, म्हणजे जमीनमालक आणि त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांच्या दाव्यांत मी वकिलीची उमेदवारी केली. मुंडकार जन्मात एकदा कोर्टाची पायरी चढतो. भाटकाराचा वकील तिथलाच. त्याला कोणता मुद्दा आज सोडायचा आणि कोणता पुढच्या दाव्यासाठी राखायचा, हे कळतं. मोठ्या कंपन्यांचं तेच. 1971 च्या ऑगस्टमध्ये लुइस पॉवेल नावाच्या वकिलाने अमेरिकी चेंबर ऑफ कॉमर्स या उद्योगांच्या संघटनेला एक टिपण लिहून दिलं: न्यायालय हे बदलाचं फार मोठं साधन आहे, उद्योगांनी तिकडे लक्ष घालावं. दोन महिन्यांत अध्यक्ष निक्सननी त्याच पॉवेलना सर्वोच्च न्यायालयासाठी नेमलं. टिपणाची वाच्यता झाली ती नेमणूक पक्की झाल्यावर. 1977 मध्ये चेंबरने खटल्यांसाठी वेगळी शाखाच काढली. सर्वोच्च न्यायालयाकडे वर्षाला हजारो अर्ज येतात, त्यांतले साठ-सत्तर नऊ न्यायमूर्ती ऐकतात. कोणते ऐकायचे, इथेच निम्मी लढाई होते, आणि त्या दारावर ही चेंबरची मंडळी न्यायमित्र म्हणून, म्हणजे खटल्यात पक्षकार नसताना, निवेदनं घेऊन हजर असतात. यात बेकायदा काहीच नाही. 2013 मध्ये एपस्टीन, लँडेस आणि पोस्नर या अभ्यासकांनी 1946 पासूनच्या 36 न्यायमूर्तींची उद्योगांना अनुकूल मतांनुसार क्रमवारी लावली, तेव्हा वरचे दोघे, अलिटो आणि रॉबर्ट्स, त्या वेळच्या न्यायालयातलेच निघाले.

तर आता ट्रकवाल्यांचा प्रश्न. 12 जानेवारी 2015 ला केंद्राचा वटहुकूम आला, खाणी लिलावानेच द्यायच्या. त्याच्या तोंडावर, आणि अगदी त्या दिवशीही, आपल्या गोवा सरकारने जुन्या खाणपट्ट्यांच्या, म्हणजे लीजच्या, नूतनीकरणाच्या सह्यांचा सपाटा लावला. 7 फेब्रुवारी 2018 ला सुप्रीम कोर्टाने अशी 88 लीज रद्द केली; 16 मार्चपासून खाणी थंड झाल्या. निकाल न्या. मदन लोकूर यांचा. महिनाभरापूर्वी, 12 जानेवारीला, ज्या चार न्यायमूर्तींनी दिल्लीत पत्रकार परिषद घेतली, त्यांत हेही होते. तक्रार कसली? महत्त्वाच्या केसेस ठरावीक बेंचकडे जातात, याची. अमेरिकेत नऊ जण एकत्र बसतात, आपल्याकडे दोन-दोन, तीन-तीन. म्हणून आपल्याकडे न्यायाधीश कोण यापेक्षा बेंच कुठलं हे आधी विचारतात. वकिलांच्या खोलीत चहाबरोबर हाच विषय असतो.

कोर्ट कंपन्यांच्या विरोधात गेलं हे खरं. पण झळ कुणाला बसली? कंपन्यांचे इतर राज्यांत आणि देशांत धंदे होते. आमच्या गृहस्थांचे दोनच ट्रक होते, त्यांवर बँकेचं कर्ज. त्यामुळे "कोर्ट कुणाचं" याचं उत्तर ते निकालपत्रात शोधत नाहीत, हप्त्याच्या पावतीत शोधतात. मी त्यांना दोष देत नाही. इलेक्टोरल बॉण्डचा निकाल 2024 च्या फेब्रुवारीत आला. कंपन्यांच्या देणगीवरची मर्यादा उठवणं मनमानी आहे, असं पाच न्यायमूर्ती एकमताने म्हणाले. सूर अमेरिकेच्या उलट. डिचोलीत फटाके वाजल्याचं मला तरी आठवत नाही.

एक शेवटची गोष्ट. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या न्या. कपाडियांनी कोर्टातच सांगितलं की स्टरलाइटचे शेअर माझ्याकडे आहेत. वेदान्त समूहाचीच ती कंपनी. आपली सेसा गोवा ही खाणकंपनी 2007 मध्ये ज्यांनी घेतली तेच हे. कपाडियांनी लपवलं नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायलाच हवं. वकिलांपैकी कुणी हरकत घेतली नाही आणि सुनावणी पुढे चालली.

1852 मध्ये इंग्लंडच्या लॉर्ड चॅन्सेलरने, म्हणजे तिथल्या बड्या न्यायाधीशाने, कालव्याच्या कंपनीच्या बाजूने दिलेला निकाल हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने, रद्द केला होता, कारण त्या कंपनीत त्याचे शेअर होते. हे आम्ही सगळे कॉलेजात पहिल्या वर्षी शिकतो. पण हरकत घ्यायची ती वकिलाने, आणि वकिलाला सोमवारी त्याच न्यायमूर्तींसमोर दुसरी केस असते. मी तिथे असतो तर उभा राहिलो असतो का, असं मला माझ्या ज्युनिअरने एकदा विचारलं. मी त्याला चहा सांगायला पाठवलं.