मुलाच्या वाट्याचा वेळ

भगिनींनो आणि बंधूंनो,

आजच्या व्याख्यानासाठी मला ‘ख्रिस्ती घरातील शिस्त’ हा विषय देण्यात आला आहे आणि त्यावर मी बोलणारच आहे. परंतु गेल्या काही महिन्यांत पालकत्वावरचे जे जुने ख्रिस्ती लेखन मी वाचले, त्याने शिस्तीच्या आधीचा एक प्रश्न माझ्यासमोर उभा केला, आणि तो मांडल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. मुलाला केव्हा रागवावे, किती रागवावे, छडी उगारावी की नाही, यांवर आपण तासन्‌तास बोलतो. त्याच मुलाबरोबर, त्याच्या एकट्याबरोबर, आपण आठवड्यातून किती वेळ बसतो हे मात्र कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे आहे की, रागावण्याचा अधिकार आईबापांना या बसण्यातूनच मिळतो.

सुझॅना वेस्ली हे नाव आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेथडिस्ट चळवळ उभी करणाऱ्या जॉन आणि चार्ल्स वेस्ली यांची ही आई, एकोणीस मुलांना जन्म देणारी आणि त्यांपैकी नऊ बालपणीच गमावलेली. तिने १७३२ साली जॉनला लिहिलेले, मुलांना वाढवण्याच्या पद्धतीविषयीचे पत्र उपदेशांतून वारंवार उद्धृत केले जाते. मात्र त्यातले एकच वाक्य उचलले जाते, ते म्हणजे मुलाची इच्छाशक्ती लहानपणीच जिंकली पाहिजे. वर्षाच्या बाळाला छडीचे भय कळावे आणि त्याने हळू आवाजात रडावे, असेही ती लिहिते. हे मला पटत नाही, आणि ते सुझॅनाने लिहिले आहे म्हणून पटवून घ्यावे असेही मला वाटत नाही. परंतु त्याच पत्रात तिच्या घरचे इतर नियमही आहेत. ज्या मुलाने आपली चूक प्रामाणिकपणे कबूल केली, त्याला मार मिळत नसे, कारण शिक्षेच्या भीतीनेच मुले खोटे बोलू लागतात हे तिने ओळखले होते. एका चुकीबद्दल मुलाला दोनदा शिक्षा करायची नाही, आणि ती चूक पुढे कधी टोचून दाखवायची नाही, हाही नियम होता. हे नियम उपदेशांत का येत नाहीत, याचे मला मनापासून दुःख वाटते.

आता तिची खरी गोष्ट सांगते. १७०९ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधील एप्वर्थ गावातील त्यांच्या घराला आग लागली. पाच वर्षांचा जॉन वरच्या मजल्यावर अडकला आणि छप्पर कोसळण्याच्या बेतात असताना त्याला खिडकीतून बाहेर काढण्यात आले. घर पुन्हा उभे राहीपर्यंत मुले निरनिराळ्या कुटुंबांत विखुरली गेली, आणि परत आली तेव्हा त्यांच्या वागण्याबोलण्यातली पूर्वीची घडी विसकटलेली होती. शिस्त बिघडली तर शिस्त कडक करावी, हा आपला नेहमीचा हिशेब. सुझॅनानेही काही नियम नव्याने बसवले. पण १७१२ मध्ये पतीला लिहिलेल्या पत्रात ती सांगते की, रोज संध्याकाळी ती एकेका मुलाशी एकांतात बोलते. सोमवार मॉलीचा, मंगळवार हेटीचा, बुधवार नॅन्सीचा, गुरुवार जॉनचा, शुक्रवार पॅटीचा, शनिवार चार्ल्सचा आणि रविवार एमिली व सूकी या दोघींचा. घरात शिकवणे, शिवणे, कर्जाची चिंता आणि सततची आजारपणे असताना या बाईने आठवड्याचा प्रत्येक वार मुलांच्या नावे लिहून दिला.

त्याचे फळ मला तिच्या पत्रापेक्षा तिच्या मुलाच्या पत्रात अधिक दिसते. १७३२ मध्ये जॉन ऑक्सफर्डमध्ये होता, अठ्ठावीस वर्षांचा झाला होता, विद्वान म्हणून ओळखला जात होता. आणि तो आईला लिहितो की, गुरुवारच्या संध्याकाळचा जो थोडा वेळ तू पूर्वी मला देत होतीस, तेवढा आजही मला दिलास तर माझ्या मनाला त्याचा तसाच लाभ होईल. त्या संध्याकाळी आई नेमके काय बोलली हे त्याने लिहिलेले नाही. तो वार आपला होता, एवढे त्याच्या पक्के लक्षात राहिले.

येथे मला एक तक्रार मांडू द्या, कारण ती अनेक वर्षे मनात आहे. पालकत्वावर बोलायचे म्हटले की सभागृहात आया येतात आणि बहुतेक पुस्तकेही आयांसाठी लिहिलेली असतात. प्रेषित पौल मात्र नव्या करारातील पत्रांत, इफिसकरांस आणि कलस्सैकरांस लिहिताना, बापांना नावाने हाक मारून सांगतो की, आपल्या मुलांना चिडीस आणू नका. चौथ्या शतकात जॉन क्रिसोस्टम या नामांकित ख्रिस्ती उपदेशकाने मुलांच्या संगोपनावर निबंध लिहिला, त्याचाही रोख प्रामुख्याने बापांकडे आहे. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने तर १५२२ मध्ये विवाहावर लिहिताना बाळाची दुपटी धुणाऱ्या बापाचे चित्र रंगवले आहे: लोक त्याला बायकी म्हणून हसतील, पण देव आपल्या सर्व दूतांसह त्याच्याकडे पाहून प्रसन्नपणे हसतो आहे. तुम्ही हसलात हे चांगलेच झाले. घरी गेल्यावर हे वाक्य ज्यांना सांगायचे त्यांना अवश्य सांगा.

आणि वेस्लींच्या घरातही ही उणीव होतीच. मंगळवार ज्या हेटीचा होता, ती अत्यंत बुद्धिमान मुलगी. १७२५ मध्ये ती एका पुरुषाबरोबर घर सोडून गेली, तेथे फसली, आणि पुढे तिचे लग्न एका विजोड माणसाशी झाले. तिने वडिलांकडे क्षमा मागितली, पण सॅम्युअल वेस्ली यांनी तिला अखेरपर्यंत मनापासून जवळ केले नाही. आईने दिलेला मंगळवार वडिलांच्या बंद दारापुढे किती पुरणार होता? हा प्रसंग मी अनेकदा वाचला आणि दर वेळी मला हेटीची बाजू घ्यावीशी वाटली.

व्यवस्थापकांनी आता घड्याळाकडे बोट दाखवले आहे, तेव्हा शिस्तीविषयी जे सांगायचे ते थोडक्यात सांगते.

शास्त्रलेखात शिस्त न लावणारा बाप आहे. जुन्या करारातील राजे १ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात अदोनीयाविषयी लिहिले आहे की, तू असे का केलेस, असे विचारून त्याचा पिता दावीद याने त्याला कधीही दुखवले नव्हते. तोच अदोनीया पुढे बापाच्या हयातीतच स्वतःला राजा म्हणवून घेतो. आता लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातली येशूची आई मरीया पाहा. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहिला, तीन दिवसांनी मंदिरात सापडला, आणि आईने त्याला विचारले, बाळा, तू आमच्याशी असा का वागलास? दावीदाने जो प्रश्न कधी विचारला नाही, तोच तिने विचारला, आणि आपण किती कष्टी झालो तेही सांगितले. मिळालेले उत्तर आईबापांना समजले नाही, असे लूक स्पष्ट लिहितो. तरी तो मुलगा त्यांच्याबरोबर घरी गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. प्रश्न विचारणे आणि उत्तर ऐकून घेणे, शिस्तीचे इतके काम त्या प्रसंगात झाले.

छडीविषयी प्राचीन ख्रिस्ती लेखक ऑगस्टीनची साक्ष पुरेशी आहे. ‘कन्फेशन्स’ या आपल्या आत्मकथनाच्या पहिल्या भागात तो सांगतो की, शाळेत मार मिळू नये म्हणून तो लहानपणी देवाची कळवळून प्रार्थना करी, आणि अंगावरचे वळ पाहून मोठी माणसे, त्याचे आईबापसुद्धा, हसत असत. बिशप झाल्यानंतरही तो ते हसणे विसरला नाही. क्रिसोस्टमचे मत असे की, वारंवार मारलेले मूल माराला जुमानेनासे होते. म्हणून छडीचा केवळ धाक असावा, आणि तोही प्रसंगीच.

घरगुती उपासनेचा मुद्दा राहतो. त्याबद्दल क्रिसोस्टमचीच रीत सांगते, ती आजच्या रात्रीपासून करता येईल. रात्रीच्या जेवणाच्या वेळी बापाने मुलाला काइन आणि हाबेल या बायबलमधील दोन भावांची गोष्ट रंगवून सांगावी, दुसऱ्या वेळी आईने तीच सांगावी, पुष्कळदा ऐकून झाल्यावर मुलाला सांगायला लावावी, आणि मग ज्या दिवशी चर्चमध्ये तो पाठ वाचला जाईल त्या दिवशी त्याला हाताला धरून तेथे न्यावे. इतरांना ठाऊक नसलेले आपल्याला आधीच ठाऊक आहे या आनंदाने ते मूल उड्या मारील, असे क्रिसोस्टम लिहितो.