रात्रीची पिशवी

(दृश्य: तासगाव तालुका. द्राक्षबागेच्या कडेचं घर. संध्याकाळ.)

सात वाजायला आलेत. बागेत फवारणीचा ट्रॅक्टर अजून चालूच आहे. माजघरात मात्र पंखा बंद, खिडक्या बंद, दाराला आतून कडी. नातू दार वाजवतो. आतून आवाज येतो, "आजीची पिशवी लावतोय. आत्ता कुणी यायचं नाही."

ही पिशवी म्हणजे आजींचं रात्रीचं जेवण. साखर, प्रथिनं आणि स्निग्धांश तीन वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पिशवी गुंडाळत दाब दिला की मधले पडदे सुटतात आणि आतलं सगळं दुधासारखं पांढरं होतं. दहा-बारा तास पंपावरून ते थेंबाथेंबाने रक्तात जातं, थेट. कारण आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, आतडं काळं पडलं आणि शस्त्रक्रियेत बहुतेक काढावं लागलं. मोठ्या माणसाचं लहान आतडं साधारण सहा मीटर असतं. यांचं एक मीटरही उरलेलं नाही. जेवतात, चवीने जेवतात, पण अंगी लागत नाही.

छातीवरच्या कातडीतून एक मऊ नळी आत शिरते आणि तिचं टोक हृदयाच्या तोंडाशी, मोठ्या शिरेत असतं. घरात सगळे तिला 'लाइन' म्हणतात. कातडीखाली या नळीला कापडासारखं एक कडं असतं. काही आठवड्यांत मांस त्यात रुजतं आणि बाहेरून नळीच्या कडेने येणाऱ्या जंतूंची वाट बुजते. दुसरी वाट उरतेच. नळीचं बाहेरचं तोंड. ते रोज उघडावं लागतं, आणि घरच्याच हाताने.

(दृश्य: हात धुणारी सून. जवळून.)

बांगड्या, अंगठी काढून ठेवलेली. साबण आधी तळव्यांना, मग बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्याभोवती, नखांखाली, मनगटापर्यंत. नळ कोपराने बंद. हात पुसायला कागदी टॉवेल. पदराला हात पुसायची सवय जाता जात नव्हती, असं ती हसत सांगते.

"आत्या, मान तिकडं करा. बोलू नका आता."

आजी मान वळवतात, पण गप्प बसतील तर शपथ. "आमच्या सासूचं सोवळं परवडलं, पण हिचं नको."

तुलना चुकीची नाही. फक्त या सोवळ्याचं कारण सूक्ष्मदर्शकाखाली दाखवता येतं. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस नावाचा जंतू तुमच्या-आमच्या कातडीवर कायम असतो आणि एरवी काही करत नाही. तोच नळीत शिरला की आतल्या बाजूला चिकट थर धरतो. त्या थराखाली अँटिबायोटिक नीट पोहोचत नाही.

आता तिच्या हातात क्लोरहेक्सिडिन आणि अल्कोहोलची पुसणी आहे. नळीचं तोंड ती घोळवून घोळवून घासते, निदान पंधरा सेकंद. घाईत पंधरा सेकंद फार लांब वाटतात, म्हणून ती मोठ्याने मोजते. मग थांबते, तोंड आपोआप वाळू देते. फुंकर मारायची नाही. अल्कोहोल वाळेपर्यंत त्याचं काम चालूच असतं. यानंतर त्या टोकाला काहीही लागलं, तिचं बोट, चादर, आजींची साडी, तरी पुन्हा पहिल्यापासून. नळीला जोडायचं जे वेगळं, सुईविरहित टोक असतं, त्याला हात लागला तर ते सरळ फेकायचं, महाग असलं तरी.

सकाळी पिशवी सुटली की सलाईनने नळी धुवायची, थांबत थांबत ढकलून. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर टॉरोलिडिन नावाचं जंतुनाशक द्रावण नळीत भरून ठेवायचं. हे जंतूंना चिकटू देत नाही, आणि घरी वारंवार संसर्ग होणाऱ्यांना त्याचा चांगला उपयोग झालेला आहे. संसर्ग होऊ नये म्हणून रोज अँटिबायोटिक घेत राहणं हा मात्र उपाय नव्हे.

नळीभोवतीची पारदर्शक पट्टी सात दिवसांनी बदलायची, भिजली किंवा सुटली तर लगेच. एप्रिलच्या घामात ती सात दिवस टिकत नाही. आणि सांगलीच्या माणसाला जखम दिसली की हात हळदीच्या डब्याकडे जातो. शेजारच्या काकूंनी मायेने घरची हळद आणून दिली होती. ती आमटीत गेली. विहिरीवर, नदीवर आंघोळ बंद.

(दृश्य: मिरजेचा रस्ता, दवाखान्यांच्या पाट्या.)

विल्यम वॉनलेस यांचं मिशन रुग्णालय मिरजेत १८९४ साली उभं राहिलं, तेव्हापासून आसपासचे जिल्हे इथे येत आलेत. दवाखान्यात सिस्टर म्हणतील तसं करायचं, हे आपल्या अंगात मुरलेलं. म्हणूनच या सुनेचं सगळ्यात अवघड काम घरात नव्हतं. एका दवाखान्यात तपासणीसाठी रक्त हवं होतं. "शीर सापडत नाही, याच नळीतून घेऊ या," असं कुणीतरी म्हणालं. ही म्हणाली, "नको मॅडम, ही लाइन फक्त पिशवीसाठी आहे. हातातून बघा ना परत." मागे रांग होती, आवाज चढला. ती हलली नाही. नळी जितकी कमी वेळा उघडेल तितकं बरं, हे डॉक्टरांनी तिला कागदावर लिहून दिलंय. तो कागद तिच्या पर्समध्ये असतो.

राहता राहिला ताप. पिशवी सुरू झाल्यावर तासाभरात हुडहुडी भरली किंवा ताप १००.४ फॅरेनहाइटच्या वर गेला, तर पंप बंद करायचा आणि रात्र असली तरी निघायचं. गावातल्या डॉक्टरकडून एक इंजेक्शन घेऊन सकाळची वाट बघायची नाही. अँटिबायोटिकच्या आधी रक्ताचे दोन नमुने जातात, एक नळीतून, एक हातातून. प्रयोगशाळेत नळीतल्या नमुन्यात जंतू हातातल्यापेक्षा दोन तास किंवा त्याहून आधी वाढले, तर दोष नळीतच आहे असं धरतात. जंतू साधा असला तर औषधाने नळी वाचू शकते. बुरशी किंवा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जहाल जंतू निघाला तर बहुतेक वेळा नळी काढावीच लागते. मग नवी नळी, दुसऱ्या शिरेत. आणि अशी नळी घालता येईल अशा मोठ्या शिरा शरीरात मोजक्याच असतात.