एका ‘शकतो’साठी इंग्रजीत किती क्रियापदं?

नमस्कार श्रोतेहो. कागद-पेन हाताशी असेल तर घेऊन बसा. आज इंग्रजीतल्या मोडल क्रियापदांबद्दल बोलायचंय, आणि उदाहरणं लिहून घेतलेली बरी.

कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड आणि मस्ट, अशी ही मुख्य नऊ. शाळेत यांचा तक्ता पाठ करून घेतात: कॅन म्हणजे शकतो, शुड म्हणजे पाहिजे, मस्ट म्हणजे पाहिजेच. मराठी माध्यमातली आपल्या खान्देशातली मुलं पुढे अडखळतात ती बऱ्याचदा या तक्त्यामुळेच, असं माझं मत आहे. मराठीतला ‘शकतो’ फार कामं करतो. इंग्रजीत ती कामं वेगवेगळ्या क्रियापदांना वाटून दिलेली आहेत.

ढग भरून आलेत आणि तुम्ही म्हणता, ‘आज पाऊस पडू शकतो.’ तक्त्याप्रमाणे याचं होतं ‘इट कॅन रेन टुडे’, आणि ते चुकतं. ‘कॅन’ अंगातली क्षमता सांगतो, किंवा एरवी नेहमी घडू शकणारी गोष्ट. ‘इट कॅन गेट व्हेरी हॉट इन जळगाव’ हे बरोबर, कारण ते दर उन्हाळ्याचंच आहे. पण आजच्या, या एका दिवसाच्या शक्यतेला ‘मे’ किंवा ‘माइट’ लागतो: ‘इट माइट रेन टुडे.’

आता भूतकाळ. ‘लहानपणी तो तापीत पोहू शकायचा’, इथे ‘ही कुड स्विम’ अगदी ठीक, कारण ती तेव्हाची कायमची क्षमता होती. पण ‘रस्ता बंद होता, तरी आम्ही भुसावळला गाडी पकडू शकलो’, हे एकदाच घडलं आणि जमलं. अशा वेळी ‘वी कुड कॅच’ म्हणू नका, ‘वी वेअर एबल टु कॅच द ट्रेन’ म्हणा. गंमत म्हणजे गाडी चुकली असेल तर ‘वी कुड नॉट कॅच द ट्रेन’ बिनधास्त चालतं. नकारात ही अडचण येत नाही. आणि ‘मी उद्या येऊ शकेन’ याचं ‘आय विल कॅन कम’ कधीच होत नाही. दोन मोडल शेजारी शेजारी बसत नाहीत, म्हणून ‘आय विल बी एबल टु कम’.

मोडलनंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं, मध्ये ‘टु’ नाही. या नऊंबाहेरच्या, ‘शुड’सारख्याच अर्थाच्या ‘ऑट’ला मात्र ‘टु’ लागतो. ‘ही कॅन्स’ किंवा ‘शी मस्ट्स’ असा एस जोडायचा नाही. कॅन, मे, शॅल, मस्ट ही फार जुन्या काळी भूतकाळी घडणीची रूपं होती, त्यामुळे वर्तमानातला एस त्यांना कधी चिकटलाच नाही. ‘कुड’च्या स्पेलिंगमधला एलसुद्धा असाच नंतर आला, ‘शुड’ आणि ‘वुड’कडे बघून. पूर्वी तो नव्हता, म्हणून उच्चारातही नाही.

बारावीच्या पेपरात अमुक अर्थाचा मोडल वापरून वाक्य पुन्हा लिहा, असा प्रश्न येतो. ‘ही टेल्स द ट्रुथ’ याला सल्ल्याचा मोडल लावायचा, तर आधी ‘टेल्स’चा एस काढा, मग ‘शुड’ बसवा: ‘ही शुड टेल द ट्रुथ.’ वाक्यात इज, ॲम किंवा आर असेल तर त्याचं ‘बी’ होतं. ‘शी मे इज’ लिहिलं की मार्क गेले. ‘शी मे बी’ लिहिताना दोन शब्द सुटे ठेवा. जोडून लिहिलेला ‘मेबी’ म्हणजे ‘कदाचित’, तो क्रियापद नाही.

आता ‘असेल’कडे येऊ, कारण खरी कसोटी इथे आहे. ‘गाडी भुसावळला पोहोचली असेल.’ मराठीत हे खात्रीनं म्हणता येतं आणि नुसत्या अंदाजानंही. फरक आवाजात कळतो. इंग्रजीत मात्र तोंड उघडण्याआधी ठरवावं लागतं. गाडी वेळेवर सुटली होती, वेळ उलटून गेली, म्हणजे पोहोचलीच असणार: ‘द ट्रेन मस्ट हॅव रीच्ड.’ नुसता अंदाज असेल तर ‘मे हॅव रीच्ड’, त्याहून कच्चा अंदाज असेल तर ‘माइट हॅव रीच्ड’. आणि एवढ्यात पोहोचणं शक्यच नाही, तर ‘कान्ट हॅव रीच्ड’. चारही वेळा ‘हॅव’ आणि मग क्रियापदाचं तिसरं रूप. कर्ता ‘ही’ असो की ‘शी’, ‘हॅव’चं ‘हॅज’ होत नाही. हीच घडण ‘शुड’ला लावली की हळहळ तयार होते: ‘केळी मागच्या आठवड्यातच विकायला हवी होती’, म्हणजे ‘वी शुड हॅव सोल्ड द बनानाज लास्ट वीक’. विकली नाहीत, हे त्यातच आलं. ‘शुड सोल्ड’ असं काही नसतं.

‘मस्ट’चा नकार नीट ऐका, इथे नुकसान होऊ शकतं. कपाशीवर फवारणी करायची आहे आणि कोणी इंग्रजीत सांगतंय. ‘यू मस्ट नॉट स्प्रे टुडे’ म्हणजे आज फवारू नका, मनाई आहे. ‘यू नीड नॉट स्प्रे टुडे’ किंवा ‘यू डोन्ट हॅव टु स्प्रे टुडे’ म्हणजे आज गरज नाही, फवारलं तरी हरकत नाही. होकारात ‘मस्ट’ आणि ‘हॅव टु’ जवळजवळ बसतात, नकारात पार लांब जातात. सक्तीच्या ‘मस्ट’ला भूतकाळ नाही, तिथे ‘हॅड टु’ घ्यायचं: ‘आय हॅड टु गो टु धुळे यस्टरडे.’

‘शॅल’वर फार वेळ घालवू नका. बोलण्यात ‘शॅल वी गो?’ एवढा आला तरी भागतं. बाकी तो करारात आणि नियमांत दिसतो. ‘वुड’ मात्र आपल्याकडच्या ऑफिसांत उगाच वापरला जातो. ‘द मीटिंग वुड बी हेल्ड ऑन मंडे’ हे सभ्य वाटतं म्हणून लिहितात, पण वाचणाऱ्याला वाटतं, पुढे काहीतरी ‘जर-तर’ येणार. मीटिंग ठरलेली आहे ना? मग ‘विल बी हेल्ड’. ‘वुड’चा सभ्यपणा विनंतीत शोभतो: ‘वुड यू प्लीज साइन हिअर?’

शेवटी उच्चार, कारण फोनवर घोटाळा होतो तो इथेच. ‘आय कॅन कम’ या वाक्यात जोर ‘कम’वर पडतो आणि ‘कॅन’ दबून ‘कन्’ एवढाच ऐकू येतो. आपण ‘कॅन’ ठासून म्हणतो, मग अमेरिकी कानाला तो ‘कॅन्ट’ वाटू शकतो, कारण त्यांच्या ‘कॅन्ट’मधला ट बऱ्याचदा गिळलेला असतो. ब्रिटिश उच्चारात ‘कान्ट’ लांबतो, म्हणून तिथे ओळखायला सोपं. सराव असा करा: ‘आय कन् कम’ हे झटक्यात, ‘कम’वर जोर देऊन पाच वेळा, मग ‘आय कान्ट कम’ हे ‘कान्ट’ लांबवून पाच वेळा, आणि दोन्ही मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. इंटरव्ह्यूत किंवा कस्टमर केअरच्या कॉलवर ऐनवेळी शंका आलीच, तर सरळ ‘आय ॲम एबल टु कम’ किंवा ‘आय कॅनॉट कम’ असं पूर्ण बोला. नमस्कार.