चार्जर वगळण्याचा निर्णय

जानेवारी १९९० मध्ये लॉस एंजेलिसच्या मोटार प्रदर्शनात जनरल मोटर्सने 'इम्पॅक्ट' ही विजेवर चालणारी मोटार सादर केली, तेव्हा सर्वांचे लक्ष तिच्या निमुळत्या आकाराकडे गेले. तिला पळवणारा इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीचा प्रवाह मोटरला लागेल तसा बदलून देणारा भाग, मात्र झाकणाखाली होता. एरोव्हायरनमेंट कंपनीत आकाराला आलेल्या या मोटारीचा इन्व्हर्टर ॲलन कोकोनी या अभियंत्याने रचला होता.

बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो आणि इंडक्शन मोटरला तीन फेजचा, दिशा बदलणारा प्रवाह लागतो. इन्व्हर्टरमधले अर्धवाहक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होऊन हे रूपांतर घडवतात. एकाच फेजचे वरचे आणि खालचे स्विच क्षणभर जरी एकदम चालू राहिले, तरी बॅटरी थेट शॉर्ट होते. त्यातच जोडणीच्या पट्ट्यांचे इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला होणारा विरोध) अवघे ५० नॅनोहेन्री असले आणि प्रवाह मायक्रोसेकंदाला २००० ॲम्पिअर या दराने तुटला, तर स्विचवर १०० व्होल्टचा जादा ताण येतो. म्हणूनच पट्टी किती रुंद असावी आणि विद्युतभार साठवणारा कपॅसिटर किती जवळ बसवावा, या बाबी तंत्रप्रमुखाने केवळ अहवालावरून ठरवू नयेत. सर्किट त्याच्या स्वतःच्या हाताखालून गेलेले असावे, असे आम्हाला ठामपणे वाटते.

कोकोनी यांची जाण अशीच हातातून आलेली होती. १९९२ मध्ये वॉली रिपेल आणि पॉल कारोसा यांच्यासह त्यांनी कॅलिफोर्नियात एसी प्रोपल्शन ही कंपनी काढली. गाडी चार्ज होत असताना मोटर आणि इन्व्हर्टर दोन्ही रिकामे असतात, मग चार्जरची वेगळी पेटी गाडीने का वाहावी, हा तिथला कळीचा प्रश्न होता. त्यांनी मोटरच्या वाइंडिंगला, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांना, चोकचे (प्रवाहातील चढउतार आवरण्याचे) आणि इन्व्हर्टरच्या स्विचांना रेक्टिफायरचे (दिशा बदलणारा प्रवाह एकाच दिशेचा करण्याचे) काम दिले. वजन आणि खर्च वाचला, शिवाय मोठ्या शक्तीने चार्जिंग करता येऊ लागले.

या निर्णयाची किंमतही होती. वेगळ्या चार्जरमधला ट्रान्सफॉर्मर बॅटरीला बाहेरच्या पुरवठ्यापासून विलग ठेवतो. तो गेल्यावर गाडीच्या सांगाड्यात उतरणारा गळतीप्रवाह ओळखून पुरवठा तत्काळ तोडण्याची जबाबदारी रचनाकारावर येते. आमच्या मते ज्येष्ठ अभियंत्याची खरी कसोटी इथेच लागते, कारण एक भाग काढताना निर्माण झालेला धोका त्यालाच निस्तरावा लागतो.

एसी प्रोपल्शनची 'टी-झिरो' ही मोटार १९९७ मध्ये रस्त्यावर आली आणि २००३ मध्ये तिच्यात ६८०० लहान लिथियम सेल बसवण्यात आले. टेस्लाने या तंत्राचा परवाना घेतला आणि 'रोडस्टर'साठी पॉवर इलेक्ट्रॉनिक्स नव्याने रचले. 'मॉडेल एस'मध्ये मात्र चार्जर पुन्हा वेगळा आला. रेनोच्या 'झोई'ने मोटरच्या वाइंडिंगमधून ४३ किलोवॉटपर्यंत चार्जिंग करून दाखवले, तर २०२१ च्या ह्युंदाई 'आयोनिक ५'मध्ये मोटर आणि इन्व्हर्टर मिळून ४०० व्होल्टच्या चार्जिंग केंद्राचा दाब ८०० व्होल्टच्या बॅटरीसाठी वाढवतात.