समोर नसलेल्या वाचकासाठी

श्रोतेहो, नमस्कार.

१९७१ साली रे टॉमलिन्सन या अभियंत्याने आर्पानेट या संगणकजाळ्यावरून एका संगणकातून दुसऱ्या संगणकात ईमेल पाठवला आणि पत्त्यात व्यक्तीचे नाव व संगणकाचे नाव वेगळे करण्यासाठी ‘अ‍ॅट’चे चिन्ह योजले. पाठवणारा आणि वाचणारा एकाच वेळी हजर असण्याची गरज ईमेलमध्ये नसते. संदेश सर्व्हरवर थांबतो आणि वाचणारा सवडीने तो उघडतो. ही मोठीच सोय आहे. मात्र वाचताना शंका आली, तर तिचे निरसन करायला आपण तिथे नसतो, आणि म्हणून कामासाठी लिहिलेला ईमेल स्वतःपुरता पूर्ण असावा लागतो.

ही पूर्णता विषयाच्या ओळीपासून सुरू होते. नुसते ‘बैठकीबाबत’ असे लिहिले, तर ईमेल उघडल्याशिवाय काहीच कळत नाही आणि महिन्याभराने तो शोधू म्हटले तर सापडतही नाही. त्याऐवजी ‘मंगळवारच्या बैठकीचे इतिवृत्त : गुरुवारपर्यंत दुरुस्त्या कळवाव्यात’ असे लिहिले, की निम्मे काम तिथेच होते. मजकुरातही आपली विनंती पहिल्या दोन-तीन वाक्यांत यावी आणि पार्श्वभूमी त्यानंतर. आपल्यापैकी अनेकांना आधी सगळी हकीकत सांगून शेवटी मुद्द्यावर येण्याची सवय असते. समोरासमोरच्या बोलण्यात ती खपून जाते, पण मोबाइलच्या लहान पडद्यावर वाचणारा तो शेवट गाठेलच असे नाही. ‘लवकरात लवकर’ हा शब्दप्रयोग तर मी कामाच्या पत्रातून काढूनच टाकावा असे म्हणेन, कारण प्रत्येकाचे ‘लवकर’ निराळे असते. कोणी, काय आणि कोणत्या तारखेपर्यंत करायचे, हे नावानिशी लिहावे. ‘सर्वांनी पाहावे’ असे लिहिलेले काम बहुधा कोणाचेच नसते.

दुसरा प्रश्न सुराचा. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की आपल्या ईमेलमधला उपरोध वाचणाऱ्याला नक्की कळेल अशी लिहिणाऱ्यांची खात्री असते. प्रत्यक्षात तो ओळखण्यात वाचणारे वारंवार चुकतात. लिहिताना आपल्या मनात आपलाच आवाज चालू असतो, वाचणाऱ्याला मात्र केवळ अक्षरे दिसतात. म्हणून एखाद्याच्या कामातली त्रुटी दाखवायची असेल, मतभेद असेल किंवा मन दुखावले जाण्याची शक्यता असेल, तर ईमेल बाजूला ठेवून फोन करावा किंवा प्रत्यक्ष भेटावे. बोलून जे ठरेल ते मात्र त्याच दिवशी चार ओळींत लिहून पाठवावे, म्हणजे नंतर ‘असे ठरलेच नव्हते’ हा वाद उद्भवत नाही.

चॅटवर झटपट प्रश्नोत्तरे करावीत. तिथे घेतलेला निर्णय शेकडो संदेशांखाली दबून जातो, तेव्हा त्याची नोंद ईमेलमध्ये असावी. अनेकांनी मिळून करायचा मसुदा प्रत्येकाला जोडपत्र म्हणून पाठवला, तर ‘अंतिम’ या नावाच्या पाच फाइली तयार होतात, म्हणून तो सामायिक दस्तऐवजात ठेवून त्याचा दुवा द्यावा. ‘रिप्लाय ऑल’चे, म्हणजे ईमेल आलेल्या सगळ्यांना उत्तर पाठवण्याचे, बटण दाबण्यापूर्वी आपले उत्तर त्यातल्या किती जणांच्या कामाचे आहे, एवढे पाहावे. वरिष्ठाला सीसीमध्ये घालताना तर अधिकच विचार करावा. माहितीसाठी पाठवलेली प्रत पुष्कळदा तक्रार म्हणून वाचली जाते.

एक गोष्ट मला विशेष आग्रहाने सांगावीशी वाटते, आणि ती अधिकाराच्या जागी असलेल्यांसाठी आहे. रात्री उशिरा सुचलेले काम तुम्ही त्याच क्षणी कळवता, तेव्हा ‘उद्या पाहिले तरी चालेल’ असे लिहिले असले, तरी हाताखालच्या माणसाला तो हुकूमच वाटतो आणि तो उत्तर द्यायला बसतो. बहुतेक ईमेल सेवांमध्ये संदेश ठरावीक वेळी पाठवण्याची सोय आहे. ईमेल रात्रीच लिहून ठेवावा, पण तो कामाची वेळ सुरू झाल्यावर पोहोचेल अशी व्यवस्था करावी.