तुमच्या ताब्यात

नमस्कार, श्रोतेहो.

आमच्या व्यसनमुक्ती केंद्राचं फाटक लोखंडी आहे, निळ्या रंगाचं. सकाळी दहा-साडेदहाला तिथे एखादी जीप येऊन थांबते. आधी दोन भाऊ किंवा मेहुणे उतरतात, मग ज्याला दाखल करायचं तो, आणि सगळ्यात शेवटी हातात कपड्यांची पिशवी धरून त्याची बायको. मी १९९४ साली या केंद्रात समाजसेविका म्हणून लागले. २००३ पासून गेल्या वर्षी निवृत्त होईपर्यंत केंद्रप्रमुख होते. एवढ्या वर्षांत जीपमधून उतरणाऱ्यांचं एक वाक्य कधी बदललं नाही. "मॅडम, आता हा तुमच्या ताब्यात."

आज मला या 'ताब्यात' शब्दाबद्दलच बोलायचंय.

पहिले चार-पाच दिवस माणूस खरोखर आमच्या ताब्यात असतो. त्याचं कारण वैद्यकीय आहे. वर्षानुवर्षं रोज दारू पोटात गेली की मेंदू तिच्या हिशेबाने चालायला शिकतो. ती एकदम थांबली की काही तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो, उलट्या होतात. पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींचं भान सुटतं. भिंतीवर मुंग्या दिसतात, अंथरुणात साप दिसतात. एक ट्रक ड्रायव्हर मला अजून आठवतात. रात्रभर ते पलंगावर बसून गाडी चालवत होते, घाट आला की गिअर बदलत होते. रात्रपाळीचा आमचा ब्रदर त्यांच्या शेजारी क्लीनर होऊन बसला. डॉक्टरांनी सांगितलेली औषधं चालू होती, नाडी बघणं चालू होतं, आणि मधूनमधून हा "डावीकडून जाऊ द्या दादा" म्हणत होता. पहाटे त्याने सांगितलं, "गाव आलं, आता झोपा." आणि ते झोपले.

म्हणून कळकळीने सांगते. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला घरात कोंडून एका दिवसात दारू बंद करू नका. यात माणसं दगावतात. हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढायला हवेत. झटके येऊ नयेत म्हणून औषध लागतं, ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं लागतात, कारण बहुतेकांचं जेवण कधीच सुटलेलं असतं. गर्दचं, म्हणजे ब्राऊन शुगरचं, वेगळं. गर्द बंद झाल्यावर जी 'टर्की' लागते तिच्यात हाडं मोडल्यासारखी दुखतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं, झोप उडते. बघवत नाही. पण अचानक सुटलेल्या दारूइतकी जिवाला भीती सहसा नसते.

मग शरीर शांत होतं, माणूस ओळख देऊ लागतो, आणि खरं काम सुरू होतं. सकाळी सहाला उठणं, प्राणायाम, आपली चादर आपण घडी करणं, संडास धुणं, भाजी निवडणं, गटचर्चा, समुपदेशन, रोजची डायरी. ज्याने घरात कधी पाण्याचा तांब्या उचलला नाही त्याच्या हातात खराटा आला की पहिल्या दिवशी तो फार चिडतो. नातेवाईक विचारायचे, "पैसे भरून झाडू कशाला मारायला लावता?" शिक्षा म्हणून नाही हो. पिणाऱ्या माणसाच्या दिवसाला एकच काम उरलेलं असतं, दारू मिळवणं. तो दिवस पुन्हा तासातासाने भरायला शिकावा लागतो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. नोकरीच्या सुरुवातीला मी पुण्याच्या मुक्तांगणमध्ये शिकायला गेले होते. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ते सुरू केलं. गर्दवरचे अवचटांचे लेख वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी पैशांचं बळ दिलं, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. मी मात्र तिथे एक वेगळीच गोष्ट पाहत राहिले. वॉर्ड सांभाळणारे बरेचसे कार्यकर्ते पूर्वी तिथेच पेशंट होते. नवा माणूस "तुम्हाला काय कळणार" म्हणाला की समोरचा शांतपणे म्हणायचा, "मी याच खाटेवर होतो." माझी पदवी तिथे थिटी पडली. प्रमुख झाल्यावर मी आमच्याकडे आधी तीन जुन्या पेशंटना कामावर घेतलं. विश्वस्तांनी कपाटाच्या किल्ल्यांची काळजी केली. किल्ल्या मी त्या तिघांकडेच दिल्या.

आता एक चूक सांगते. ती माझी आहे. आमच्याकडे अलिखित नियम होता की तीनदा स्लिप झालेल्या, म्हणजे सोडून पुन्हा प्यायला लागलेल्या, माणसाला चौथ्यांदा घ्यायचं नाही. खाटा वीस, रांग मोठी, त्यामुळे नियम मला पटला होता. २००५ च्या पावसाळ्यात एक शिक्षक चौथ्यांदा फाटकाशी आले. मी बाहेर जाऊन बोलले, आणि नाही म्हणाले. ऑफिसात बोलावून खुर्चीवरही बसवलं नाही. दीड महिन्याने त्यांच्या मुलीचा फोन आला, बाबा गेले म्हणून. ती मला काहीच बोलली नाही, फक्त कळवलं. मधुमेहाच्या पेशंटची साखर पुन्हा वाढली तर त्याला दवाखान्याच्या दारातून कोणी हाकलत नाही. हा आजारही पुन्हा उलटणाराच आहे, हे मी व्याख्यानांमधून सांगत होते आणि फाटकाशी मात्र उलटं वागले. तो नियम मी त्याच आठवड्यात काढून टाकला.

२०१९ साली केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून केलेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस जणांपैकी एकाला काहीतरी उपचार मिळाले होते. दाखल होऊन उपचार मिळाले ते एकशे ऐंशी जणांत एकाला. माझ्या वीस खाटा मला तेव्हा फार थोड्या वाटल्या. बायकांचं तर विचारूच नका. त्या पिशवी घेऊन फाटकापर्यंतही येत नाहीत. घरचेच लपवतात आणि पार यकृत गेल्यावर दवाखान्यात नेतात. आमच्याकडे त्यांच्यासाठी वेगळी खोली व्हायला २०१२ साल उजाडलं.

खाटा कमी पडतात म्हणूनच पंचाईत होते. काही ठिकाणी गाडी पाठवून माणसाला रात्री घरातून उचलून नेतात, बांधून ठेवतात, मारतात. अशा जागांमधून सुटून आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या अंगावरचे वळ मी डॉक्टरांना नोंदवायला लावले आहेत. ज्याच्या ताब्यात माणूस देताय तो काय करतो, हे बघणं तुमचं काम आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही येतात. तेव्हा विचारा, केंद्राची नोंदणी आहे का? डॉक्टर कोण, किती वाजता येतात? वॉर्ड आतून बघू देता का? मला त्याच्याशी फोनवर एकट्याने बोलता येईल का? या प्रश्नांवर जो चिडेल त्याच्या फाटकातून परत फिरा.

आणि एक, जेवणात लपवून गोळी देऊ नका. 'डाळीत घाला, त्याला कळणार नाही' म्हणून काही जण दारू सोडवायचं औषध विकतात. त्यातल्या काही गोळ्या अशा असतात की पोटात असताना वरून दारू गेली तर छाती धडधडते, रक्तदाब पडतो, जीवही जाऊ शकतो. ही गोळी डॉक्टर देतात, पण माणसाला नीट समजावून, त्याच्या संमतीने. एका ताईंनी नवऱ्याला महिनाभर अशी डाळ वाढली होती. तो रस्त्यात कोसळला तेव्हा आपल्यामुळेच झालं हे त्यांना आयसीयूच्या बाहेर कळलं. त्यांना कोणी रागावू नये. त्या एकट्या पडल्या होत्या, एवढंच मला दिसलं.

दर रविवारी आम्ही घरच्या मंडळींची बैठक घ्यायचो, पेशंटशिवाय. सुरुवातीला बायका भिंतीला टेकून गप्प बसायच्या. मग एखादी म्हणायची, "रोज रात्री त्याच्या खिशातली चपटी शोधते, झोपच नाही." दुसरी म्हणायची, "मी पण." हळूहळू कळायचं की त्याच्या कामावर फोन करून 'ताप आलाय' सांगणं, उधारी गुपचूप फेडणं, सासूपासून लपवणं, यातच वर्षं गेली. तो आत असतानाच्या त्या दिवसांत घरातली ही धावपळ थांबली नाही, तर तो बाहेर पडून जुन्याच घरात जातो. म्हणून जीपमधून उतरणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं असायचं. ताबा घेणार नाही. त्याला राहू द्या, आणि रविवारी तुम्ही या. निम्मे यायचे नाहीत. भाऊ तर क्वचितच.

सरकारची व्यसनमुक्तीसाठी मोफत हेल्पलाइन आहे, १४४४६. हा आकडा लिहून ठेवा. फोन घरच्यांनीही करायचा असतो, फक्त पिणाऱ्याने नव्हे.

आमच्या दाखल-रजिस्टरमध्ये एक रकाना आहे, 'कोणी आणले'. त्यात भाऊ, वडील, मेहुणा, पत्नी असं लिहिलेलं असतं. ते ट्रक ड्रायव्हर एकूण पाच वेळा आले. पहिल्या तीन वेळा त्या रकान्यात भावाचं नाव आहे. चौथ्या वेळी संध्याकाळच्या एसटीने, पावसात भिजून, पिशवी स्वतःच्या हातात धरून ते एकटेच फाटकाशी उभे होते. तोंडाला वास येत होता. ब्रदरने रजिस्टर उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लिहा, 'स्वतः'. त्यानंतर अकरा महिन्यांनी ते पुन्हा स्लिप झाले. पाचव्यांदा आले, आणि रकान्यात तोच शब्द लिहिला.